माशाचे पोट

रोहू हा आपल्या ओळखीचा मासा. भारतात कटला, रोहू आणि मृगळ हे मासे एकाच तळ्यात पाळतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात अन्न शोधतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी.

तळ्यातले नैसर्गिक अन्न पुरत नाही. म्हणून भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड माशांना खाऊ घालतात. रोहूला आपल्यासारखे जठर नसते. त्याचे आतडे मात्र शरीरापेक्षा कितीतरी लांब असते. तेथेच अन्न सावकाश पचते.

या आतड्यात असंख्य जीवाणू राहतात. काही जीवाणू पचनाला मदत करतात. काही रोगजंतूंना वाढू देत नाहीत. पण तळ्यात माशांची गर्दी झाली, पाणी घाण झाले, की हा समतोल बिघडतो आणि मासे आजारी पडतात.

अशा वेळी काही जण खाद्यात प्रतिजैविके मिसळतात. त्यामुळे उपयोगी जीवाणूही मरतात. शिवाय औषधाला दाद न देणारे रोगजंतू तयार होतात. त्यांचा धोका माणसालाही असतो.

म्हणून आता खाद्यात उपयोगी जीवाणू किंवा यीस्ट मिसळतात. दह्यातील जीवाणू आपल्या पोटाला उपयोगी पडतात, तसेच हे! मात्र ही काही जादू नव्हे. जास्त टाकलेले खाद्य तळाशी कुजते आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो. तेव्हा मोजके खाद्य आणि स्वच्छ पाणी हेच माशांचे पहिले औषध होय.