काकांची ४०७, करंजाचे तेल आणि माझे एक्सेल

इटियाडोह म्हटलं की होस्टेलमधले निम्मे जण विचारतात, "हे कुठं आलं बुवा?" तर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर हे धरण आहे. त्याच्या पाण्यावर आमच्याकडे धान पिकतो. त्यातला बराच धान ४०७ सारख्या छोट्या मालगाड्यांतून गोंदियाच्या राईस मिलमध्ये जातो. अशीच एक गाडी माझ्या काकांची आहे.

डिझेल महागलं तेव्हा काकांनी एक प्रयोग केला. घाणीवरून करंजाचं तेल आणलं आणि सरळ टाकीत ओतलं! "तेल त तेलच हाये ना! दिव्यात जळते, त इंजनात काहून नाही?" असा त्यांचा सवाल. काही दिवस गाडी चालली. मग फिल्टर तुंबला, इंजेक्टरवर काजळी बसली आणि ऐन हंगामात गाडी आठ दिवस गॅरेजला पडून राहिली. तेव्हाच मी ठरवलं की हे गणित एकदा नीट मांडायचं.

काकांचा प्रश्न काही वेडगळ नव्हता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण करंजाचं कच्चं तेल डिझेलच्या दहापट किंवा त्याहूनही घट्ट असतं. आजच्या इंजेक्टरच्या बारीक छिद्रांतून त्याचा नीट फवारा होत नाही, ते अर्धवट जळतं. म्हणून त्याचं बायोडिझेल करावं लागतं. १०० किलो तेलात साधारण ११ किलो मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून गरम केलं की सुमारे १०० किलो बायोडिझेल मिळतं आणि खाली ग्लिसरीन बसतं. तेल आंबट, म्हणजे जास्त आम्लाचं असेल, तर त्याचा चक्क साबण होतो! करंज आणि मोह या दोन्ही तेलांना ही खोड आहे, त्यामुळे आधी आम्ल कमी करावं लागतं. मोहाचं तेल तर आमच्याकडच्या थंडीत थिजतंही.

आता मॉडेल. घाबरू नका, बारावीचं फिजिक्स पुरतं. गाडी २२०० किलो, माल २३०० किलो, एकूण ४५०० किलो धरले. वेग ताशी ५० किलोमीटर, रस्ता सपाट, अंतर हिशेबाच्या सोयीसाठी १०० किलोमीटर. टायरचा रोध सुमारे ४४० न्यूटन, हवेचा सुमारे ३५०. म्हणजे १०० किलोमीटरला ७९ मेगाज्यूल. त्यात गावं, गुरं आणि स्पीडब्रेकर यांच्यासाठी ४० वेळा थांबणं धरलं तर आणखी १७. ट्रान्समिशनची कार्यक्षमता ८८ टक्के आणि इंजिनची ३० टक्के धरली, की इंधनातून ३६५ मेगाज्यूल लागतात. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३५.७ मेगाज्यूल असतात, म्हणजे १०.२ लिटर लागेल. काका म्हणतात, "भरली गाडी दहाच्या आसपास देते." मॉडेल पास!

बायोडिझेलमध्ये लिटरला सुमारे ३३ मेगाज्यूलच असतात. म्हणून तेवढ्याच कामाला ११ लिटर लागेल, साधारण आठ टक्के जास्त. इथवर सगळं सोपं वाटलं.

खरी गोची झाडापाशी झाली. जाताना भरलेली आणि येताना रिकामी, अशी एक फेरी शुद्ध बायोडिझेलवर करायला सुमारे साडेअठरा लिटर, म्हणजे १६ किलोच्या वर तेल हवं. चार किलो बियांतून एक किलो तेल धरलं तर ६५ किलो बी झालं. वर्षाला २०० फेऱ्या म्हणजे १३ टन! करंजाच्या एका झाडाला वर्षाला ९ ते ९० किलो बी येतं असं पुस्तकं सांगतात. म्हणजे एका गाडीला दीडशे झाडं पुरतील किंवा दीड हजार लागतील. इंजिनचा आकडा मी दोन टक्क्यांनी सुधारत बसलो होतो आणि झाडाचा आकडा दहापट इकडेतिकडे!

हीच चूक मोठ्या प्रमाणावरही झाली. २००३ च्या नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या भरवशावर २० टक्के मिश्रणाचं स्वप्न मांडलं होतं. २००९ च्या धोरणाने तेच उद्दिष्ट २०१७ वर नेलं. पडीक जमिनीवर अपेक्षेएवढं बी आलंच नाही, आणि २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचं उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के एवढंच राहिलं.

मग मी एक्सेलमध्ये दुसराच रकाना बदलून पाहिला. रिकामी गाडी परत येतानाही जवळपास ७ लिटर पिते, कारण हवेचा रोध काही कमी होत नाही आणि गाडीचं स्वतःचं वजन तर असतंच. म्हणजे टनामागे ७.४ लिटर. पण येताना खत, सिमेंट, किराणा असा पूर्ण माल मिळाला तर टनामागे ४.४ लिटर. तब्बल ४० टक्के बचत, आणि तीही एकही झाड न लावता! २० टक्के मिश्रणाने एवढं डिझेल वाचत नाही. मिश्रण वाईट आहे असं नाही. २० टक्क्यांना झाडंही पाचव्या हिश्शाने लागतात. पण आधी गाडी भरा, मग इंधन बदला, असा क्रम मॉडेलने मला शिकवला.

मोठ्या ऐटीत काकांना फोन करून हे सांगितलं. ते हसले. "बाबू, रिकामं येनं मले बी परवडत नाही. पन परतीचा माल देते कोन?"

या प्रश्नाचा रकाना माझ्या एक्सेलमध्ये नाही. या सुट्टीत गोंदियाला जाऊन खतवाले आणि किराणावाले यांची गाडी कोणत्या दिवशी कुठं जाते, ते वहीत लिहून आणणार आहे. कोणाच्या घरी मालगाडी असेल तर जरूर भेटा. मॉडेल तयार आहे, आकडे तुमचे हवेत!