वऱ्हाड पायी पायी (भाग ७) : कापसाच्या पेठेभोवतीची भिंत

मागच्या भागात आपण अकोल्याच्या असदगडावर होतो. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा तो गड. आज अमरावतीच्या परकोटाला फेरी मारायची आहे. हा कोट कुणा सरदाराच्या वाड्यासाठी बांधलेला नाही. आतल्या सावकार-व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि वखारी राखायला तो उभा राहिला.

सुरुवात जवाहर गेटपासून करा. त्याचं जुनं नाव भुसारी दरवाजा. सकाळी लवकर या, कारण सराफा उघडला की दुचाकींच्या गर्दीत कमानीखाली थांबून वर बघायची सोय उरत नाही. कोटाचं काम निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये सुरू केलं. भिंत २० ते २६ फूट उंच, घेर सव्वादोन मैल. भुसारी, नागपुरी, खोलापुरी, महाजनपुरी आणि अंबा हे पाच दरवाजे. शिवाय पटेल, छत्रपुरी, माता आणि खुनारी या चार खिडक्या, म्हणजे पायी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवलेल्या लहान वाटा. खुनारीचं नाव मोहरममधल्या एका रक्तपातावरून पडलं, असं सांगतात.

पण १८०७ च का? १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. वऱ्हाडाचा बहुतेक भाग निजामाकडे गेला. त्या धामधुमीत फौजांमधून सुटलेली माणसं पेंढाऱ्यांना जाऊन मिळत होती आणि पेंढाऱ्यांना पैसा कुठे आहे ते नेमकं ठाऊक असे. अमरावतीत तो होता. दुष्काळाने अकोल्याकडून उठलेली कुटुंबं इथे येऊन वसली होती, कापसाची पेठ फुगत होती. गंमत अशी, की काम सुरू झाल्यावर दहा-अकरा वर्षांतच, १८१७-१८ मध्ये, इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा निकाल लावला.

व्यापाऱ्यांची संपत्ती राखायला तटबंदी, हा प्रकार बंदरांमध्ये जास्त दिसतो. स्पेनचं कादिझ घ्या. १५९६ मध्ये इंग्रज आणि डच आरमाराने ते लुटलं, तेव्हा तिथली तटबंदी नव्याने भक्कम करावी लागली. पुढे १७१७ मध्ये अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराची कचेरी सेव्हिलहून तिथे आली आणि व्यापाऱ्यांनी घरांवर मनोरे चढवले, आपली जहाजं लांबूनच दिसावीत म्हणून. अमरावतीला समुद्र नाही, पण माल इथूनही दूरदेशी जायचा. तो जायचा बैलांच्या पाठीवरून, थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला. अंतर सुमारे ५०० मैल! वाटेत धूळ बसायची, पावसात कापूस भिजायचा, भाव पडायचा. तरीही १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचा माल त्या वाटेने पाठवल्याची नोंद आहे. इतक्या बैलांच्या चाऱ्यापाण्याची व्यवस्था कशी लावली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आतल्या गल्ल्यांतून नागपुरी गेटकडे निघा. नागपुरी आणि खोलापुरी गेटची नावं आज पोलीस ठाण्यांना आहेत, त्यामुळे पत्ता विचारला की आधी चौकी दाखवली जाते. कोटाला टेकून घरं आहेत, टपऱ्या आहेत, दगडांत खिळे ठोकून वायरी नेल्या आहेत. लोक राहतात तिथे हे होणारच. पण प्रत्येक दरवाजापाशी बांधकामाचं वर्ष सांगणारी एक नीट मराठी पाटी लावायला फारसा खर्च येत नसावा.

शेवट अंबा गेटने. बाहेर पडलात की अंबादेवी आणि एकवीरा. रुक्मिणीहरण अंबादेवीच्या देवळातूनच झालं, असं अमरावतीकर सांगतात. दर्शन झालं की गिला वडा खा.

पेठेचं चित्र पालटलं ते रेल्वेने. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरला कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाचे भाव भडकले. मग १८६७ मध्ये मुंबईहून आलेली लाइन नागपूरला पोचली, पण मुख्य लाइन बडनेऱ्यावरून गेली. अमरावतीला फाटा काढून जोडलं. मिर्झापूरची वाट मोडली, कापूस मुंबईकडे वळला आणि नवी अमरावती कोटाबाहेर वाढत गेली.

पुढच्या आठवड्यात अचलपूरच्या दुल्हा दरवाजापाशी भेटू. ती फेरी याहून लांब आहे.