नभोवाणीच्या शिक्षणास दानाचा हात

परदेशी जाणाऱ्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यास आपली कुटुंबे आनंदाने साहाय्य करितात. परंतु नभोवाणीचे शिक्षणही त्याच योग्यतेचे आहे, हे क्वचितच ध्यानी येते. आकाशवाणीत असता कै. पु. ल. देशपांडे ह्यांस शिक्षणार्थ लंडनला बीबीसीकडे धाडण्यात आले होते. १९५९ साली दिल्लीस दूरचित्रवाणीचा आरंभ झाला, तो युनेस्कोच्या अर्थसाहाय्याने. तेथील पहिल्या निर्मात्यांत पु. ल. होते. पुढे १९९९ साली बीबीसीने एक धर्मादाय संस्था स्थापिली. ती देशोदेशींच्या नभोवाणीवाल्यांस त्यांच्याच भूमीत जाऊन काम शिकविते.

ही दुसरी रीत विचार करण्याजोगी आहे. यंत्र हाताळणे, वेळ पाळणे, वार्ता पारखणे, हे कोठेही शिकता येते. परंतु कोलशेतच्या खाडीकाठच्या कोळ्यास वादळाची सूचना द्यावयाची, तर ती त्याच्या बोलीत व तो होडी लोटण्यापूर्वी द्यावी लागते. हे ज्ञान लंडनास मिळत नाही. म्हणून दात्यांनी प्रवासखर्च अवश्य द्यावा. मात्र परतल्यावर विद्यार्थ्यास वर्षभर आपल्या मुलखात राहून काम करिता येईल, एवढी तरतूदही सोबत करावी. एरवी ते दान विद्यार्थ्यास पोहोचेल, श्रोत्यास पोहोचणार नाही.