कपाटाची किल्ली

“मागे बघ गं जरा, काही लागलंय का?”

आपल्याकडच्या शाळेत शिकलेल्या कुठल्याही बाईला हे वाक्य नवीन नाही. प्रार्थनेच्या रांगेत, मधल्या सुट्टीत, पीटीच्या तासाआधी ते हळूच कानात विचारलं जातं. मैत्रीण एक पाऊल मागे राहते, दप्तर सावरल्यासारखं करते आणि बघून सांगते. मी नववीत असताना फेब्रुवारीतल्या एका दिवशी तिचं उत्तर ‘हो’ आलं. आमच्या शाळेत पॅड होते, बाईंच्या कपाटात. किल्ली बाईंकडे, बाई शिक्षकांच्या खोलीत आणि त्या खोलीत चार-पाच सर चहा घेत बसलेले. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. मैत्रिणीचा स्वेटर भर उन्हात कमरेला बांधला आणि पोटात दुखतंय असं सांगून घरी निघून गेले.

म्हणून शाळेत मोफत पॅड देण्याची नवी घोषणा वाचली की माझ्या मनात आधी एकच प्रश्न येतो. ते ठेवणार कुठे?

द्यावेत की नाही, हा वाद आता बराचसा मागे पडला आहे. डॉ. जया ठाकूर यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर १० एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने केंद्राला देशभरासाठी एकसारखं धोरण आखायला सांगितलं. पुढे ३० जानेवारी २०२६ रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठाने मासिक पाळीतलं आरोग्य हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निकाल दिला. शाळा सरकारी असो वा खासगी, मुलींना पॅड मोफत मिळाले पाहिजेत, मुलींसाठी वेगळं, पाणी असलेलं, चालू अवस्थेतलं स्वच्छतागृह पाहिजे. निकालात मला सगळ्यात मोलाची वाटली ती एक बारीकशी सूचना: हे पॅड शक्यतो स्वच्छतागृहातच ठेवावेत. तिथे लगेच जमत नसेल तरच शाळेतल्या ठरावीक जागी किंवा ठरावीक व्यक्तीकडे.

या सूचनेमागे पंधरा वर्षांचा अनुभव आहे. केंद्र सरकारने २०११मध्ये ग्रामीण किशोरींसाठी योजना आणली, तेव्हा ‘फ्रीडेज’ नावाचं सहा पॅडचं पाकीट आशाताई सहा रुपयांना घरोघर द्यायच्या. त्याच सुमाराला तमिळनाडूने ‘पुदु युगम’ योजनेत मुलींना पॅड फुकट द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राची ‘अस्मिता’ योजना ८ मार्च २०१८ला, महिलादिनी सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत आणि ते पोचवायला गावातले महिला बचत गट. कल्पना चांगली होती. बायकांनी बायकांना विकायचं, गटालाही चार पैसे सुटायचे. पण पाच रुपये ही रक्कम कितीही छोटी असली, तरी तेरा वर्षांच्या मुलीला ती कुणाकडे तरी मागावी लागते. आई पहाटेच कामावर गेलेली असेल तर बाबांकडे, नाहीतर आजोबांकडे. ‘कशाला पाहिजेत?’ हा प्रश्न ठरलेला. किंमत पाच रुपयांची नव्हती, त्या उत्तराची होती. शाळेत दुपारी खिचडी मिळते तेव्हा भूक लागली आहे असं पोराला हेडमास्तरांना जाऊन सांगावं लागत नाही. घंटा होते, ताटं मांडली जातात. पाळीची गोष्ट इतकी साधी व्हायला हवी.

स्कॉटलंडच्या संसदेने २४ नोव्हेंबर २०२०ला जो कायदा एकमताने मंजूर केला, त्यात हे मागणं टाळण्याचा विचार थेट शब्दांत आला आहे. मोनिका लेनन या सदस्येने मांडलेल्या या कायद्याची अंमलबजावणी १५ ऑगस्ट २०२२पासून पूर्णपणे झाली. शाळा-कॉलेजांत तिथे २०१८पासूनच ही साधनं मोफत होती, कायद्याने ती पुढे सगळ्यांनाच खुली केली. त्यात म्हटलं आहे की वस्तू सहज मिळाली पाहिजे, घेणाऱ्या व्यक्तीचा मान राखून मिळाली पाहिजे आणि तिला दोन-चार प्रकारांतून निवड करता आली पाहिजे. न्यूयॉर्क शहराने २०१६मध्ये सरकारी शाळांच्या स्वच्छतागृहांतच मोफत पॅड-टॅम्पॉनच्या पेट्या लावायचं ठरवलं, तेही याच विचाराने. या दोन्ही ठिकाणी पैशाची अडचण आपल्यापेक्षा कमी, हे खरं आहे. पण पेटी कपाटातून काढून भिंतीवर लावायला किती पैसा लागतो?

बरं, पॅड द्यायचे तर किती? इथे साधी आकडेमोड करून बघावी. पाळी सरासरी पाच दिवस धरली आणि दर सहा तासांनी पॅड बदलायचा ठरवला, तर दिवसाला चार आणि महिन्याला वीस लागतात, वर्षाला २४०. तमिळनाडूच्या योजनेत मुलीला दोन महिन्यांतून एकदा सहा पॅडची तीन पाकिटं, म्हणजे वर्षाला १०८ पॅड मिळायचे. गरजेच्या निम्म्यापेक्षाही कमी. तरीही ही योजना देशातल्या सर्वांत मोकळ्या हाताच्या योजनांत गणली गेली. आठाच्या एका पाकिटावर महिना काढायचा तर मुलगी काय करते, हे कुठल्याही आईला विचारा. एकच पॅड सकाळी सातला लावून संध्याकाळी पाचला काढते. मग मांड्या सोलवटतात, खाज सुटते, आणि ते सांगायचीही लाज. जनऔषधी केंद्रात ऑगस्ट २०१९पासून एक रुपयाला एक पॅड मिळतो. त्या दराने वीस पॅडचा महिन्याचा खर्च वीस रुपये. फक्त ते केंद्र तालुक्याला असतं आणि एसटीचं तिकीट त्याहून महाग पडतं.

पाळीमुळे मुलींची शाळा सुटते, हे या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येतं. त्याबद्दल जरा जपून बोललं पाहिजे. २०१६मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात भारतातल्या १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात साधारण चौथा हिस्सा मुली पाळीच्या दिवसांत शाळेत जात नाहीत असं आढळलं. उलट नेपाळच्या चितवन भागात एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८ मुली आणि त्यांच्या आयांचा अभ्यास केला. काहींना पाळीचे कप दिले, काहींना नाही. पाळीमुळे बुडणारी शाळा १८० दिवसांच्या वर्षात अर्ध्या दिवसाहूनही कमी भरली आणि कप दिल्याने हजेरीत फरक पडला नाही. पण मुली कप वापरत राहिल्या आणि त्यांचा कपडे धुण्याचा वेळ वाचला.

काही जण हा अभ्यास पुढे करून विचारतात, मग पॅड वाटायचे कशाला? मला यातून वेगळंच दिसतं. हजेरीपटावर ‘हजर’ लागलेली मुलगी वर्गात खरोखर असतेच असं नाही. ती शेवटच्या बाकावर भिंतीला पाठ लावून बसते. उत्तर येत असूनही फळ्यापाशी जात नाही. खो-खोच्या सरावाला नाही म्हणते. पाणी पीत नाही, कारण प्यायलं तर जावं लागेल आणि तिथे कडी नाही. हे कुठल्या रकान्यात भरणार? आणि समजा एकही दिवस शाळा बुडत नसेल, तरी रक्त गळत असताना बाकावर सहा तास अंग चोरून बसावं लागू नये, एवढं कारण पुरेसं आहे. मुलांच्या शाळेतल्या नळाला पाणी असावं की नाही, हे आपण हजेरी मोजून ठरवत नाही.

‘बीएमजे ओपन’मधल्या त्या आढाव्यातला दुसरा आकडा मला जास्त खुपतो. पहिली पाळी येण्याआधी त्याबद्दल माहिती असलेल्या मुली निम्म्याहूनही कमी. म्हणजे उरलेल्या मुलींनी ते रक्त पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपल्याला काहीतरी जखम झाली, रोग झाला, असंच त्यांना वाटलं असणार. आपल्या भाषेने यात मदत केलेली नाही. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘बाजूला बसली’, ‘अडचण आहे’ असे कितीतरी शब्द आपण घडवले, ते सगळे न सांगण्यासाठी. बऱ्याच योजना सहावीपासून सुरू होतात. पण काही मुलींना पाळी चौथी-पाचवीतच येते, आणि वाडीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत पेटीही नसते, अनेकदा बाईही नसतात, एकटे गुरुजी असतात. त्या गुरुजींना न अडखळता ‘पाळी’ हा शब्द उच्चारता यावा, हे प्रशिक्षण पॅडच्या खरेदीइतकंच निकडीचं आहे.

मग वापरलेल्या पॅडचं काय? आपण ते कागदात गुंडाळून देतो आणि विसरतो. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक महिलांनी २०१३मध्ये असे घाण पॅड पोत्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले होते. हा कचरा आम्ही उघड्या हातांनी का वेचायचा, असा त्यांचा प्रश्न होता. शाळेत तर वेचणारंही कुणी नाही. बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत सफाईसाठी वेगळा माणूस नसतो. वीजबिल, खडू, नळदुरुस्ती, सगळं सादिल अनुदानातून भागवायचं आणि त्यातूनच पॅड जाळण्याचं यंत्रही चालू ठेवायचं. न्यायालयाने ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ पॅड द्यायला सांगितलं आहे, इथे मात्र मला शंका वाटते. ऑक्सो-विघटनशील प्लास्टिकच्या वस्तूंवर युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशाने बंदी घातली, कारण ते प्लास्टिक बारीक तुकडे होऊन मातीत उरतं. त्यापेक्षा धुवून वापरायचे सुती पॅड मुलींना निवडीत ठेवायला हवेत. मात्र ते उन्हात, दोरीवर, सगळ्यांदेखत वाळत घालता आले पाहिजेत. साडीखाली दडवून दमट राहिलेली घडी घेण्यात कसलीच स्वच्छता नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालात शाळेत पाळीसाठी एक कोपरा करायला सांगितला आहे. त्यात काय असावं याची यादी आहे: जास्तीची अंतर्वस्त्रं, वापरलेला पॅड टाकायच्या पिशव्या आणि जास्तीचा गणवेश. मी त्या शब्दाशी थांबले. जास्तीचा गणवेश. कुणीतरी कुठेतरी बसून विचार केला की डाग लागलेल्या मुलीला उरलेले तास बसता यायला हवेत. त्या दिवशी माझे शेवटचे दोन तास भूमितीचे होते. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता त्या तासांना झाली, ती मी नंतर मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतली.