पडद्याखालच्या दोन ओळी

बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्रावरून ज्यूलिया चाइल्ड अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवत. ऑगस्ट 1972 मध्ये त्यांच्या ‘द फ्रेंच शेफ’ या कार्यक्रमात त्यांचे बोलणे पडद्याच्या तळाशी अक्षरांतही उमटू लागले. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी अशी सोय करून देशभर दाखवलेला हा पहिला कार्यक्रम मानतात. ती अक्षरे चित्रावरच छापलेली असल्यामुळे ऐकू येणाऱ्यांनाही पाहावी लागत. ज्याला हवी त्यालाच ती दिसावीत, यासाठी पुढची काही वर्षे खटपट चालली.

मार्ग सापडला तो चित्राबाहेरच्या मोकळ्या जागेत. अमेरिकेतले जुने टीव्हीचित्र 525 आडव्या रेषांचे असे. त्यांतल्या वरच्या काही रेषांवर चित्र नसायचे. 1976 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने त्यांतली 21वी रेषा या अक्षरांसाठी, म्हणजे कॅप्शनसाठी, राखून ठेवली. चित्राच्या प्रत्येक चौकटीबरोबर दोन अक्षरे, म्हणजे सेकंदाला साधारण साठ अक्षरे, सांकेतिक रूपात घरी पोहोचत आणि डीकोडर ती पडद्यावर उलगडून दाखवी. डीकोडर नसेल तर ती आली-गेली तरी पत्ता लागत नसे. ‘क्लोज्ड कॅप्शन’ म्हणतात ते हेच: मजकूर सोबत असतोच, तो उघडायचा की नाही हे प्रेक्षकाने ठरवायचे.

16 मार्च 1980 रोजी एबीसी, एनबीसी आणि पीबीएस या वाहिन्यांवर ही सेवा नियमित सुरू झाली. डीकोडरचा डबा सीअर्सच्या दुकानांत सुमारे 250 डॉलरना मिळे. मात्र डबे फारसे खपले नाहीत. प्रेक्षक थोडे म्हणून वाहिन्या खर्चाला कचरत आणि कार्यक्रम थोडे म्हणून लोक डबा घेईनात.

हा तिढा कायद्याने सोडवला. 1990 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि 1 जुलै 1993 पासून तिथे विक्रीसाठी तयार होणाऱ्या, 13 इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत डीकोडर बसवणे सक्तीचे झाले. डब्याचे काम आता संचातली चिप करू लागली आणि जी वस्तू बहिऱ्या माणसाला मुद्दाम विकत आणावी लागे, ती घरोघरी आपोआप पोहोचली. मग गोंगाटातल्या बारमध्ये, व्यायामशाळेत, विमानतळावर लोक आवाज बंद ठेवून बातम्या वाचू लागले. नव्याने आलेले स्थलांतरित कॅप्शनच्या आधाराने इंग्रजी शिकू लागले. बाळ झोपलेल्या घरातही रात्रीचा सिनेमा बघता येऊ लागला.

परभाषेतल्या चित्रपटाखालचे सबटायटल आणि कॅप्शन यांत एक फरक आहे. सबटायटल देणारा गृहीत धरतो की प्रेक्षकाला ऐकू येते, फक्त भाषा येत नाही. कॅप्शन देणाऱ्याला असे काहीच गृहीत धरता येत नाही. रहस्यपटात नायिका पाठमोरी बसलेली असताना मागे दार करकरले, तर चौकटी कंसात ‘दार करकरते’ असे लिहावेच लागते, नाहीतर ती का दचकली हे कळणार नाही. पडद्याआडून कोण बोलले, संगीत कधी सुरू झाले, हेही सांगावे लागते.

थेट कार्यक्रमात तर ऐकत ऐकतच हे करायचे असते. अमेरिकेत 1982 पासून हे काम न्यायालयांतल्या स्टेनो यंत्राच्या धर्तीवर होऊ लागले. लेखनिक एका वेळी अनेक कळा दाबून अक्षरांऐवजी ध्वनी टिपतो आणि संगणक त्यांचे शब्द बनवतो. मिनिटाला दोनशेच्या वर शब्द पकडता येतात, तरीही मजकूर काही सेकंद मागे राहतोच. ब्रिटनमध्ये दुसरी पद्धत रूढ झाली. तिथे बंद खोलीतला एक माणूस निवेदकाचे बोलणे, अगदी स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, सपाट आवाजात पुन्हा म्हणतो आणि संगणक ते अक्षरांत उतरवतो.

भारतात ही गोष्ट वेगळ्याच दारातून आली. ब्रिज कोठारी अमेरिकेत शिकत असताना मित्रांसोबत एक स्पॅनिश चित्रपट पाहत होते. स्पॅनिश संवादांखाली स्पॅनिश अक्षरेच असती तर भाषा पक्की झाली असती, असे त्यांना वाटले. हिंदी गाण्यांखाली हिंदी ओळी दिल्या तर देश वाचायला शिकेल, ही कल्पना त्यातूनच सुचली. अहमदाबादच्या आयआयएममध्ये आल्यावर त्यांनी 1996 पासून यावर काम सुरू केले. 1999 मध्ये अहमदाबाद दूरदर्शनच्या ‘चित्रगीत’ या गुजराती कार्यक्रमात गाण्याच्या ओळी झळकल्या, पुढे ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’तही. गायक जो शब्द गाई त्याचा रंग बदले. शाळेत कधीकाळी गिरवलेली अक्षरे विसरत चाललेल्यांना तोंडपाठ गाण्यातून ती पुन्हा ओळखता येऊ लागली. कोठारी यांच्या ‘प्लॅनेटरीड’ या संस्थेने नंतर ‘झी टॉकीज’वर मराठी चित्रपटांना मराठी अक्षरे देण्याचाही प्रयोग केला.

ज्यांच्यासाठी अमेरिकेत हे सुरू झाले, त्या बहिऱ्यांचा विचार आपल्याकडे मागाहून झाला. 2011च्या जनगणनेनुसार देशात श्रवणदोष असलेले सुमारे 50 लाख लोक आहेत. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने दृक्-श्राव्य माध्यमे त्यांना सुलभ करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. त्यानुसार सप्टेंबर 2019 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांसाठी मानके काढली. सुरुवात थोड्या कार्यक्रमांपासून करायची आणि टप्प्याटप्प्याने 2025 पर्यंत निम्म्या कार्यक्रमांना कॅप्शन, सबटायटल किंवा सांकेतिक भाषेची जोड द्यायची, असे हे वेळापत्रक होते. थेट बातम्या आणि खेळांचे थेट प्रक्षेपण यांना त्यातून सूट मिळाली.

देवनागरीची अडचण आता पुढे करता येणार नाही. 21व्या रेषेची वर्णमाला रोमन वळणाची होती. डिजिटल प्रक्षेपणाच्या डीव्हीबी पद्धतीत मात्र ओळी चित्ररूपातही पाठवता येतात. त्यामुळे ‘स्त्री’ किंवा ‘उद्ध्वस्त’मधली जोडाक्षरे आहेत तशी उमटतात.

घरी ही सोय शोधायची तर आधी रिमोटवर ‘सीसी’ किंवा ‘सबटायटल’ हे बटण पाहावे. ते नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’खाली पाहावे. तिथे अनेकदा अक्षरांचा आकार, रंग आणि मागची पट्टीही बदलता येते. वयोमानाने नजर अधू झालेल्यांनी पिवळी अक्षरे, काळी पट्टी असे करून बघावे. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय केबलने जोडला असेल, तर टीव्हीच्या मेनूत शोधून सहसा उपयोग होत नाही. ती केबल कॅप्शनचा वेगळा मजकूर पुढे नेत नाही, म्हणून तो बॉक्समध्येच सुरू करावा लागतो. ओटीटीवर कार्यक्रम चालू असताना भाषेच्या यादीत ‘मराठी’ आणि ‘मराठी सीसी’ असे दोन पर्याय दिसले, तर दारावरची थाप आणि फोनची घंटाही टिपलेला पर्याय दुसरा.