अस्फाल्टमधील मेण : दोष आणि गुण

धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापतो. तुळजापूरच्या घाटात मंद गतीने चढणाऱ्या मालमोटारींचा भार अशा मऊ पडलेल्या थरावर अधिक काळ राहतो आणि त्यामुळे चाकोऱ्या पडतात. त्या टाळण्यासाठी व्यवहारात डांबर म्हणविल्या जाणाऱ्या अस्फाल्टमध्ये मेण मिसळावे, हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटते; कारण खनिज तेलातून अस्फाल्टमध्ये येणारे पॅराफिन मेण हा दोषच मानला गेला आहे. भारतीय मानक ७३ च्या १९९२ च्या आवृत्तीत त्याची मर्यादा शेकडा ४.५ अशी होती.

या विरोधाचा उलगडा वितळबिंदूत आहे. पॅराफिन मेण साधारणतः ४५ ते ६५ अंशांच्या दरम्यान, म्हणजे रस्ता तापतो नेमक्या त्याच टप्प्यात वितळते. फ्रान्झ फिशर व हान्स ट्रॉप्श यांनी १९२५ च्या सुमारास जर्मनीत शोधलेल्या प्रक्रियेने कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांपासून जे मेण बनते, त्यातील रेणूंच्या शृंखला पुष्कळ लांब असतात. म्हणून ते सुमारे १०० अंशांना वितळते. मिश्रणयंत्रात ते द्रवरूपाने अस्फाल्टची श्यानता उतरविते. निवाल्यावर मात्र त्याच्या सूक्ष्म स्फटिकांचे जाळे अस्फाल्टला ताठरपणा देते.

शेकडा १ ते ३ मेणाने मिश्रणाचे तापमान सुमारे २० ते ३० अंशांनी खाली ठेवता येते. इंधन वाचते, धूर घटतो, आणि भूम-परांड्याकडील दूरच्या कामावर माल पोचेपर्यंत तो दाबण्याजोगा राहतो. इंडियन रोड्स काँग्रेसने अशा कोमट मिश्रणांसाठी २०१४ मध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

तथापि या उपायास मर्यादा आहेत. मेणाने अस्फाल्ट थंडीत ठिसूळ होण्याचा संभव असतो. येथील हिवाळा सौम्य असल्याने हे भय कमी आहे. अधिक भय ओलाव्याचे आहे. कमी तापमानास बेसाल्टची खडी पुरती वाळली नाही, तर पावसाळ्यात अस्फाल्ट तिच्यापासून सुटू लागतो. यास्तव खडी नीट वाळविणे व आवश्यक तेथे विरवलेल्या चुन्याची पूड घालणे इष्ट होय. शिवाय काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने पडलेल्या भेगांवर मेण हा इलाज नव्हे; तेथे पायाच सुधारला पाहिजे.

सारांश, मेण या नावावरून निर्णय करणे अयुक्त होय. ज्याचा वितळबिंदू रस्त्याच्या कमाल तापमानाहून वर आणि मिश्रणाच्या तापमानाहून खाली असेल, तेच मेण उपकारक ठरते.