गळाला लागलेला मासा हातचा जाऊ नये म्हणून

पावसाळा सरून पंचगंगेचे पाणी निवळू लागले, की प्रयाग संगमापासून नृसिंहवाडीपर्यंत नदीकाठी आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या पाणसाठ्यांवर गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. घरच्या कालवणाची सोय व्हावी, एवढाच बहुतेकांचा हेतू असतो. परंतु मासा गळाला लागतो, दोन-चार हिसके देतो आणि काठाशी येता येता निसटतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. याचा दोष दैवाला देण्याचा प्रघात आहे. वस्तुतः बहुधा दोष साधनांचा किंवा आपल्या घाईचा असतो.

प्रस्तुत लेखकाचाही एक मोठा कटला असाच गेला. दोरी ओढून पाहिली, तो तिचे टोक वेटोळे झालेले दिसले. गाठ सरकल्याची ती खूण होय. टोक खरबरीत असते, तर दोरी दगडावर घासली असे समजले असते. म्हणून मासा सुटल्यावर प्रथम टोक तपासावे.

साधनांची पूर्वतयारी

नायलॉनची दोरी उन्हाने कमकुवत होते, म्हणून ती सावलीत ठेवावी. गळाजवळची दोन-तीन हात दोरी बोटांतून ओढून पाहावी आणि खरचटलेला भाग कापून टाकावा. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते व दोरीचे बळ घटते. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवावे. ते रुतले तर धार ठीक, घसरले तर कानस लावावी.

हिसका किती द्यावा

रोहू, कटला व मृगळ यांच्या जबड्यांत दात नसतात आणि तोंडाची कड मऊ असते. जोराच्या हिसक्याने ती फाटते, भोक रुंदावते व दोरी सैल पडताच गळ गळून पडतो. यांच्यासाठी काठी ठामपणे, पण झटका न देता उचलावी. मरळीचे तोंड कठीण व दातेरी असते. तिथे तीक्ष्ण गळ, जाड दोरी व दमदार ओढ हवी.

ताण सांभाळणे

दोरी क्षणभरही सैल पडू देऊ नये आणि तिच्या ताकदीबाहेर ताणूही नये. काठी वाकलेली ठेवावी. तिची लवचीकताच माशाचे धक्के सोसते. काठी माशाच्या रोखाने सरळ धरल्यास सारा भार दोरीवर येतो. चरखी असल्यास आठ किलो सोसणाऱ्या दोरीला दोन ते अडीच किलोच्या ओढीने ती फिरू लागेल, असा अटकाव ठेवावा. ताणकाट्याने हे मोजता येते. चरखी नसलेल्या बांबूच्या काठीने मासा ओढू लागल्यास काठाने त्याच्यामागे चालत जावे. मासा मोटारपंपाच्या पाईपकडे किंवा झुडपाकडे वळल्यास काठी आडवी करून बाजूने ओढ द्यावी.

शेवटची दोन हातांची वाट

अधिक मासे याच टप्प्यावर जातात. माणूस किंवा जाळी दिसताच मासा अखेरची धाव घेतो. त्यास जाऊ द्यावे, दमवावे. माशाचे वजन पाणी तोलून धरते. दोरीने वर उचलताच पूर्ण भार गाठीवर येतो. हातजाळी पाण्याखाली स्थिर धरावी, मासा डोक्याकडून तिच्यावर आणावा आणि मग जाळी उचलावी. माशामागे जाळी फिरवू नये.

दोरी तोडून गेलेला मासा तोंडात गळ घेऊन जातो. तो पुढे जगेलच असे नाही आणि आपल्याही उपयोगी पडत नाही. त्यामुळे ही काळजी केवळ ताटाची नव्हे, नदीचीही आहे. पुष्कळ तलावांतील मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, म्हणून तिथे आधी परवानगी घ्यावी. पावसाळा हा या माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत, विशेषतः पुराच्या पाण्यात, गळ घरीच ठेवावा.